पडलात का, असं विचारू नये

२ जानेवारी
आज नव्या संचालकबाईंनी मला माझं कपाट उघडायला लावलं.

संशोधनाला निधी देणाऱ्या आमच्या संस्थेत मी एकोणीस वर्षं अर्जांची छाननी करते आहे. आलेला अर्ज कुठल्या विषयमंडळाकडे जायचा, ते मी ठरवते. वैद्यक, अभियांत्रिकी, समाजशास्त्र, भाषा, ज्याचं त्याला. जो कुठेच बसत नाही तो मी मंडळांकडे फिरवते, सगळ्यांचे नकार जोडते आणि परत पाठवते. प्रत या कपाटात ठेवते, तारखेनुसार. मला वाटलं, बाई कपाटाच्या टापटिपीबद्दल दोन शब्द बोलतील.

त्यांनी सगळ्यांत जाड फाईल उपसली. 'म्हातारी माणसं घरात का पडतात?' चार वर्षांत चारदा आलेला अर्ज. अर्जदार तिघं. एक हाडांचे डॉक्टर, एक आर्किटेक्ट बाई आणि एक भाषेचे प्राध्यापक. वैद्यक मंडळाने शेरा मारला होता, यात जिन्यांचंच फार आहे. अभियांत्रिकीने लिहिलं होतं, यात हाडांचंच फार आहे. भाषा मंडळाने एकच ओळ लिहिली होती, 'संबंध लक्षात आला नाही.' चारही नकारपत्रांवर माझी सही.

"तुम्ही वाचलाय हा?" बाईंनी विचारलं.

"छाननी केली आहे."

"ते नाही विचारलं मी."

घरी आणून वाचला. खरं सांगायचं तर पहिल्यांदाच वाचला. आईने विचारलं, "काय एवढं वाचतेयस?" मी सांगितलं. "त्यात काय वाचायचं? वय झालं की पडतात," म्हणाली आणि आत गेली. हल्ली तिला चालताना भिंतीला हात लावत जायची खोड लागली आहे. घरातल्या बोळाच्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर मळका पट्टा उमटलाय. एवढी टापटिपीची बाई, आयुष्यभर गणवेशाच्या कारखान्यात कापड बेतलं, कधी डाग पडू दिला नाही, आणि आता हे. रंगाऱ्याला बोलवायला हवं.

९ जानेवारी
बाईंनी मंडळांची पद्धतच मोडली. त्या अर्जासाठी तीन विषयांचे तीन परीक्षक एकाच खोलीत बसवले. गुण द्यायच्या आधी प्रत्येकाने एवढंच सांगायचं की या अर्जातलं मला काय कळलं नाही. तासभर कुणी तोंड उघडेना. मोठ्या माणसांना 'मला कळलं नाही' म्हणायची सवय नसते. शेवटी वैद्यकवाले म्हणाले, "हा भाषेचा माणूस यात कशाला, ते मला कळलं नाही." भाषावाल्या परीक्षक म्हणाल्या, "मलाही नव्हतं कळलं. पण तुमचा पेशंट तुम्हाला सांगतो कशात? शब्दांतच ना?" तिथून गाडी सुरू झाली. मी टिपणं घेत होते. घेता घेता थांबले, ऐकतच राहिले.

अर्ज मंजूर. पण बाईंनी अट घातली. पहिले सहा महिने निष्कर्ष मागायचा नाही, शोधनिबंध मागायचा नाही. तिघांनी आठवड्यातून दोन दिवस एका खोलीत बसायचं आणि लोकांच्या घरी जायचं ते एकत्रच.

"आणि हे सगळं तुम्ही बघायचं," त्या मला म्हणाल्या.

"बाई, मला यातलं काही कळत नाही."

"म्हणून तर. तुम्हाला कळेल असं ते बोलायला लागले, की एकमेकांनाही कळायला लागतील."

मला नाही जमायचं हे.

२० जानेवारी
खोली दिली मागच्या बाजूची. कोठीत तीन छोटी टेबलं होती आणि एक मोठं जुनं, ज्याला कुणी हात लावत नव्हतं. तीन टेबलं लावली की तिघं तीन भिंतींकडे तोंड करून बसणार. मला आपलं बरं नाही वाटलं ते. मोठंच आणवलं. दारातून जाईना, तर शिपायाने पाय काढून आत घेतलं.

तिघं आले. चार वर्षं एकत्र अर्ज करतात, पण तिघं एका वेळी एका खोलीत आजच प्रथम. डॉक्टर उंच, घाईचे, बोलताना घड्याळाकडे बघणारे. आर्किटेक्ट चाळिशीची. आमच्या इमारतीत शिरताना तिने आधी जिना बघितला, मग माणसं. मी मनातल्या मनात तिचं नाव जिनेवाली ठेवलं. प्राध्यापकांना सगळे सर म्हणतात. बारीक अंगाचे, फारसे बोलत नाहीत.

डॉक्टरांची योजना तयार होती. दोनशे घरी प्रश्नावली न्यायची, मग साठ जणांच्या कमरेला एक यंत्र लावायचं, पडलं की वाजणारं. मग सरांकडे वळून म्हणाले, "आणि तुम्ही काय नोंदवणार? पडताना माणूस कुठला शब्द उच्चारतो ते?"

सर म्हणाले, "पडल्यानंतर कुठला उच्चारत नाही, ते."

जिनेवाली हसली. डॉक्टर नाही हसले.

११ फेब्रुवारी
आईच्या कोपराला हिरवं-निळं झालंय. "दाराचा कोयंडा लागला," म्हणाली. कोयंड्याला काथ्या गुंडाळून ठेवला. संध्याकाळी खालच्या बाकावर मैत्रिणींत जाऊन बसायची, तेही सोडलंय. गुडघे दुखतात म्हणे. दादाचा फोन आला होता. त्याच्या घरी तळमजल्यावर आईसाठी खोली काढायची म्हणतो. आई म्हणाली, "त्याला सांग, माझं काही बिघडलेलं नाही." दादा म्हणाला, "चिमे, तू तिचं ऐकत बसू नकोस." मी दोघांनाही हो म्हटलं. मला ते चांगलं जमतं.

२६ फेब्रुवारी
प्रश्नावली परत आली. 'गेल्या वर्षभरात आपण घरात पडलात का?' दोनशेपैकी एकशे एक्याऐंशी जणांनी लिहिलं, 'नाही'.

डॉक्टर संतापले. "माझ्या वॉर्डात खाटा पुरत नाहीत. मग ही मोडलेली खुब्याची हाडं काय आकाशातून येतात? लोक सरळ खोटं बोलतात."

"खोटं नाही बोलत," सर म्हणाले. "तुम्ही जे विचारलं ते आपल्या बाबतीत घडलं, असं त्यांना वाटत नाही."

"शब्दांचे खेळ आहेत हे."

"तुम्ही कुणाच्या घरी बसून ऐकलंय?"

डॉक्टरांनी बॅग उचलली. जिनेवाली म्हणाली, असंच चालणार असेल तर तीही मोकळी आहे. बाई बाहेरगावी. शेवटी म्हटलं, "प्रश्नावलीचा कागद न घेता एकदा जाऊन बघू या का? नुसतं बसायला? मी येते सोबत." माझं बोलणं ते का ऐकतील? पण डॉक्टर बॅग घेऊन दारात थांबले आणि म्हणाले, "परवा सकाळी. फक्त एक तास."

२८ फेब्रुवारी
तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजी. निवृत्त तारमास्तर, आवाज खणखणीत. कागदावर त्यांनी 'नाही' लिहिलं होतं. आम्ही चौघं खुर्च्या, पलंग, उंबरा, जिथे मिळेल तिथे टेकलो. तास झाला, इकडचं तिकडचं झालं. मग सर म्हणाले, "आजी, मधे कधी असं झालं का, की खाली बसावं लागलं?"

"ते होतं ना. मागच्या महिन्यात मोरीच्या दाराशी बसले."

"मग?"

"मग काय, बसले ती बसलेच. उठता येईना. दूधवाल्याने दार वाजवलं तेव्हा अडीच तास झाले होते. त्याने उठवलं."

डॉक्टर पुढे झुकले. "आजी, म्हणजे तुम्ही पडलात."

आजींचा चेहरा एकदम बंद झाला. "छे. पडतील माझे शत्रू. मी बसले होते."

उतरताना डॉक्टर दुसऱ्या मजल्याच्या कट्ट्यावर थांबले. मला वाटलं दम लागला. म्हणाले, "बावीस वर्षं मी हाच प्रश्न विचारतोय. 'पडलात का?' आणि नाही म्हटलं की पुढचा पेशंट." मग सरांच्या पाठीवर हात ठेवला. मला डॉक्टरांचं फार मोठेपण वाटलं. बावीस वर्षांची चूक जिन्यात उभं राहून कबूल करायला छाती लागते.

२३ मार्च
सरांची यादी वाढतेय. 'टेकले.' 'तोल गेला.' 'पाय निसटला.' 'भिंतीने धरलं.' 'जमीन वर आली.' एका आजोबांचं 'जरा खाली उतरलो'. जिनेवाली प्रत्येक शब्दाशेजारी घरातली जागा लिहिते. 'तोल गेला' बहुतेक दिव्याच्या बटणापाशी, कारण बटण खोलीच्या पार पलीकडे. 'पाय निसटला' मोरीच्या उंबऱ्यावर. डॉक्टर तिसऱ्या रकान्यात दुखापत लिहितात. मोठ्या टेबलावर तो तक्ता पसरलाय. आज डॉक्टर घड्याळाकडे न बघता दोन तास बसले.

बाई येऊन बघून गेल्या. फक्त हिशेब विभागाला सांगितलं की या खोलीला चहा कमी पडू देऊ नका. असं साहेबपण मी पाहिलं नव्हतं. दुसरा कुणी असता तर अहवाल कुठाय म्हणून डोक्यावर बसला असता.

२ मे
यंत्रांचं वाटोळं झालं. साठ जणांना दिली होती. आज आम्ही घरोघर बघून आलो. बेचाळीस यंत्रं खणात. काही देवळीत, काही उशीखाली. एका आजोबांनी ते भिंतीतल्या खिळ्याला अडकवलं होतं. "खिळा दोन महिन्यांत एकदाही पडलेला नाही," जिनेवाली म्हणाली. आधी डॉक्टर हसले, मग आम्ही सगळेच, रस्त्यात उभं राहून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

मग परत येऊन टेबलाशी बसलो. का काढून ठेवतात? सरांनी एका आजींचं बोलणं ऐकवलं, ध्वनिमुद्रित केलेलं. "माझी जाऊ पडली. खरं सांगून बसली बिचारी. आठ दिवसांत तिचा गॅस बंद केला, महिन्यात किल्ल्या काढून घेतल्या, दिवाळखोराच्या सामानासारखं तिचं सामान बांधलं आणि मुलाकडे नेऊन टाकलं. आम्ही बाकीच्यांनी काय ते ओळखलं. अळीमिळी गुपचिळी."

"पडलं म्हटलं की घर जातं," सर म्हणाले. "म्हणून कुणी पडत नाही."

मी घरी चालत आले. बसने यायचं राहूनच गेलं.

३ मे
आज रविवार. आई भाजी निवडत होती. मी तिच्याशेजारी बसले आणि शेंगा सोलत विचारलं, "आई, मधे कधी खाली बसावं लागलं का?"

तिने वर बघितलं नाही. हातातली शेंग सोलून टाकली. मग म्हणाली, "तीनदा."

कोपर, भिंत, खालचा बाक, सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. दोन महिने मी दुसऱ्यांच्या आया बघत हिंडतेय.

आणि मग मी काय केलं? दादाला फोन केला. तिच्यासमोर. दादा म्हणाला, या शनिवारी गाडी घेऊन येतो. आईने शेंगांचं ताट माझ्या मांडीवर ठेवलं आणि आत जाऊन दार लावलं.

७ मे
अबोला. ती जेवण वाढते, स्वतःशी बोलते, माझ्याशी नाही. ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं. पण जिनेवालीने आज विचारलं, "ताई, बरं नाही का?" आणि मी टेबलावर डोकं ठेवून रडले. बावन्न वर्षांची बाई. शरम वाटली.

डॉक्टर म्हणाले, "आईंना तपासायला मी येऊ?" सर म्हणाले, "आधी तुम्ही नको." जिनेवाली म्हणाली, "मी येते. पण मला बघायचंय ते घर. आई नाही."

९ मे
जिनेवाली सकाळी आली. आईने दार उघडलं ते कपाळाला आठ्या घालूनच. जिनेवाली म्हणाली, "मावशी, मी घरं बांधते, पण घरात राहणाऱ्यांनाच जास्त कळतं. तुम्हाला वेळ असेल तर घर दाखवता?" आईने हातातलं फडकं खाली ठेवलं. मग पदर खोचून निघाली.

बोळात जिनेवाली भिंतीपाशी थांबली. त्या मळक्या पट्ट्यावर तिने बोट फिरवलं. "मावशी, तुम्ही तर आधीच आखून ठेवलंय. कठडा अगदी इथेच हवा. आम्ही पुस्तकातून उंची काढतो, ती चुकते."

"पुस्तकातली काढलीत तर चुकणारच," आई म्हणाली. "गणवेशाचं तेच व्हायचं. तक्त्यावरून कापला की निम्म्या पोरांना काखेत दाटायचा."

मी रंगाऱ्याला बोलावणार होते.

मग दोघी स्वयंपाकघरात तासभर. मी बाहेर होते, पण ऐकू येत होतं. आई सांगत होती, "ही गुणी आहे पोर, पण पडले म्हटलं की पुढचं सगळं तुम्हीच बोलता. आमचं बोलणं तिथे संपतं." थोड्या वेळाने म्हणाली, "तुम्ही लोक विचारता ना, तेच चुकतं. तरुण माणसाने विचारलं की म्हातारं सावध होतं. मला विचारू दे. आधी मी माझं सांगेन. 'मी बाई आंघोळीनंतर दोनदा टेकले, तुमचं कसं?' मग बघ कशा बोलतात."

दादा दुपारी गाडी घेऊन आला. आई जेवायला वाढून म्हणाली, "तू आलास ते बरं झालं. पण मला वेळ नाही." गाडी रिकामी परत गेली. जाताना तो म्हणाला, "काही झालं तर जबाबदार तू." मी यावेळी हो म्हटलं नाही.

३० जून
आई आणि तारमास्तर आजी अशी पहिली जोडी निघाली. सोबत कुणी नाही. तीन आठवड्यांत सव्वीस घरं. जे दोनशे घरांत एकोणीस जणांनी कबूल केलं, ते या सव्वीस घरांत एकोणीस जणांनी सांगितलं. डॉक्टरांनी आकडे तीनदा तपासले. एक आजोबा महिनाभर मोडक्या मनगटाने वावरत होते, त्यांना आईने स्वतः दवाखान्यात नेलं.

तिघांनी एकत्र बसून नवा आराखडा केला. यंत्रं बंद. त्या जागी म्हाताऱ्यांच्या जोड्या, त्यांना मानधन, आणि जिथे हात लागतो तिथे कठडा, जिथे पाय पडतो तिथे उजेड. पण आमचा नियम आहे की निधी मंजूर कामासाठीच. यंत्रांसाठी दिलेलं जोड्यांसाठी वापरता येत नाही. बदल नियामक मंडळच करू शकतं. आणि मंडळात ही योजना बंद करायचीच कुजबुज आहे. 'ना धड वैद्यक, ना धड अभियांत्रिकी.'

शिफारशीची टिप्पणी मी लिहायची. चार वेळा फाडली. मला हे हवंय ते योजना चांगली आहे म्हणून, की आई पुन्हा बाकावर जाऊन बसते म्हणून? दोन्ही वेगळं करता येईना. शेवटी लिहिलं: 'माझी आई या प्रकल्पात सहभागी झाली आहे. त्यामुळे या फाईलवर माझं मत धरू नये. काय घडलं ते मात्र मी पाहिलं तसं खाली लिहिते.' आणि टेबलापासून खिळ्यापर्यंत सगळं सात पानांत लिहून काढलं. आमच्याकडे टिप्पणी दीड पानाच्या वर जात नाही.

बाईंनी वाचलं. म्हणाल्या, "नियमाप्रमाणे तुम्हाला या फाईलवरून काढावं लागेल."

"हो, बाई."

"आणि ही सात पानं मी जशीच्या तशी मंडळापुढे ठेवणार."

चुका सगळ्या उघड्या पडतील आता. चार नकारांसकट.

१२ ऑगस्ट
मंडळाची बैठक. मी आत जाऊ शकत नव्हते, बाहेर बाकावर बसले. दोन तास. नंतर सरांनी सगळं सांगितलं.

एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "आम्ही यंत्राला मंजुरी दिली होती, गप्पांना नाही. यंत्र फसलं, प्रश्नावली फसली. फसलेल्या गोष्टीला पुढे दोन वर्षं?"

डॉक्टर उठले. "साहेब, फसलं ते माझं होतं. प्रश्नही माझा, यंत्रही माझं. एकटा असतो तर आकडे गोळा करून छान निबंध लिहिला असता की आपल्याकडे म्हातारी माणसं पडत नाहीत. तो छापूनही आला असता. या दोघांनी मला वाचवलं."

सदस्यांनी विचारलं, मग यात संस्थेने नेमकं केलं काय? बाई म्हणाल्या, "आम्ही त्यांना चुकायला वेळ दिला, आणि चूक लपवायची गरज पडू दिली नाही. ज्या घरात पडल्याची शिक्षा मिळते त्या घरात कुणी पडलं म्हणून सांगत नाही. निधी देणाऱ्यांचंही तेच आहे. आपण आजवर शिक्षा देत आलो."

मग त्या ज्येष्ठांनी सात पानं पुन्हा चाळली आणि विचारलं, "हे लिहिलंय कुणी?" बाईंनी सांगितलं. त्यांनी मान हलवली. ती कशासाठी, कुणास ठाऊक.

बदल मंजूर. दोन वर्षं.

अशी माणसं आयुष्यात एकदा भेटतात. मी नुसती खुर्च्या लावत होते आणि हे तिघं आणि बाई, यांनी केवढं उभं केलं.

३ सप्टेंबर
बाईंनी बोलावलं. कपाटातले बाकीचे बेवारशी अर्ज, सदतीस आहेत, त्यांच्यासाठी वेगळा विभाग होणार. तो मी चालवायचा. परीक्षक कसे बसवायचे, खोली कशी द्यायची, नियम मीच लिहायचे. म्हटलं, बाई, दुसरं कुणीतरी शिकलेलं बघा. म्हणाल्या, "बघितलं." त्यांना माणसं मिळत नसावीत.

तरी आज पहिला अर्ज उघडला. उन्हाने शाळेतली मुलं वर्गात झोपतात, त्यावर एक शिक्षिका, एक हवामानवाला आणि एक कौलं भाजणारा. परत पाठवला नाही. तिघांनाही फोन केला, या म्हटलं.

२१ नोव्हेंबर
सकाळी अकराला ऑफिसात आईचा फोन.

"मी पडलेय," ती म्हणाली. "मोरीबाहेर. डोक्याला लागलेलं नाही. डावं मनगट गेलं वाटतं. दाराला कडी नाही. शेजारीण येतेच आहे. तू जिना धावत चढू नकोस."

मी धावत चढले. ती भिंतीला पाठ लावून बसली होती, शेजारणीने उशी दिलेली, हात मांडीवर नीट ठेवलेला. मला बघून म्हणाली, "कठडा दोन बोटं अलीकडे संपतो. त्या पोरीला सांग."

डॉक्टरांनी स्वतः प्लास्टर घातलं. विचारलं, "काय झालं, आई?" "पडले," ती म्हणाली. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "पडल्यापासून तासाभरात तपासणीच्या टेबलावर. माझ्या नोकरीत असं क्वचित झालंय." त्यांचा आवाज जरा जड झाला होता. तिच्या दुखण्यामुळेच असेल.

२५ नोव्हेंबर
दादा आला. दारातूनच बघून घेतलं त्याने, प्लास्टर, कठडे, सगळं. मी मनात वाक्यं जुळवत होते. आईने मला भाजीला पाठवलं. मी गेले नाही, स्वयंपाकघरात उभी राहिले.

"कसं झालं?" दादाने विचारलं.

तिने सांगितलं. पहिल्यापासून, चारही वेळचं. कुठे, कशी, किती वेळ पडून होती. मलाही सगळं माहीत नव्हतं. दादा मधे एकदाही बोलला नाही.

मग म्हणाला, "आई, तुला काय करावंसं वाटतं?"

एवढ्या वर्षांत हे तिला आमच्यापैकी कुणी विचारलं होतं का, मी आठवून पाहिलं.

"प्लास्टर निघालं की महिनाभर येईन तुझ्याकडे," ती म्हणाली. "पाहुणी म्हणून. मग परत यायचं. इथे माझी अजून चाळीस घरं राहिलीत. पण तुझ्याकडे यायचं तर मोरीत कठडा हवा, बटण पलंगापाशी हवं. उंची मी सांगेन. तुझ्या मनाने लावू नकोस."

दादाने खिशातून पेन काढलं. कागद सापडेना, तर वर्तमानपत्राची कड फाडली आणि मांडीवर धरली.

"सांग," तो म्हणाला.